पावसाळ्यात लघवीचं नरसाळं धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोलीची. सर्वेक्षणाच्या कामासाठी सत्तरी तालुक्यातल्या गावांतून दिवसभर स्कूटरवर फिरते. वाटेत धड शौचालय मिळत नाही, म्हणून उभ्याने लघवी करता येईल असं सिलिकॉनचं नरसाळं उन्हाळ्यात घेतलं. तेव्हा काही त्रास नव्हता. पाऊस लागल्यापासून कितीही धुतलं तरी उग्र वास येतो, आत पांढरट खरखरीत थर धरलाय आणि नळीच्या तोंडाशी काळे ठिपके दिसतात. उकळलं तर चालेल का? डेटॉलमध्ये बुडवून ठेवू का? अधूनमधून लघवीला जळजळही होते. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना खाली बसता येत नाही. माझंच धुऊन त्यांना दिलं तर?

उत्तर: ताई, आधी जळजळीचं बघू, नरसाळ्याचं नंतर. अधूनमधून जळजळ होते म्हणता, म्हणजे लघवीची तपासणी करून घ्यायलाच हवी. जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, डॉक्टरांनी सांगितलं तर कल्चरही करा, म्हणजे कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायची तपासणी. नमुना देताना मात्र नरसाळं वापरू नका. सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार थेट निर्जंतुक डबीत धरायची. नरसाळ्यातले जंतू नमुन्यात उतरले तर अहवाल चुकतो आणि नको ते अँटिबायोटिक पोटात जातं. घरात कुणाच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्याही घेऊ नका. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखू लागलं, उलट्या झाल्या किंवा लघवी लालसर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाईने तर साध्या जळजळीलाही थांबू नये.

जळजळीचं कारण नरसाळंच असेल असं मी म्हणणार नाही. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटरची असते. बहुतेक वेळा संसर्ग होतो तो आपल्याच आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूमुळे. तो गुदद्वाराकडून पुढे सरकतो. त्यात फिरतीवरच्या बायका शौचालय मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी तासन् तास दाबून धरतात. मी परिचारिका म्हणून काम करत होते तेव्हा जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांना पहिला प्रश्न हाच विचारायचे, दिवसभरात पाणी किती पिता? तुम्ही नरसाळं घेतलंत ते योग्यच केलंत. ते वापरायचं थांबवून पुन्हा लघवी दाबायला लागाल तर त्रास वाढेल.

वापरण्याच्या पद्धतीत एक गोष्ट तपासून बघा. नरसाळ्याची मागची कड फार मागे नेऊन टेकवली, आणि शेवटचे थेंब निपटायला तीच कड मागून पुढे ओढली, तर मागचे जंतू पुढे येतात. काही कंपन्यांच्या चित्रांत ही ओढण्याची पद्धत दाखवलेली असते. मला ती पटत नाही. कड मूत्रद्वाराभोवती नीट बसेल एवढीच टेकवायची, झाल्यावर सरळ खाली काढून घ्यायची आणि अंग कापडाने पुढून मागे टिपायचं. नरसाळं हातात घेण्याआधीही हात साबणाने धुवायला हवेत, हे बऱ्याच जणी विसरतात. स्कूटरचं हँडल, पैसे, फायली हाताळलेला हात त्या कडेला लागतो आणि ती कड थेट अंगाला. कागदी साबणाची छोटी डबी पर्समध्ये सहज मावते.

आता वासाचं. लघवीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, उरलेल्यात मुख्यतः युरिया आणि क्षार. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. निरोगी माणसाची लघवी अगदी निर्जंतुक असते असं पूर्वी मानत, पण २०१२ नंतरच्या संशोधनात निरोगी मूत्राशयातही जिवाणू राहतात हे दिसून आलं. त्यांच्याशिवाय आपल्या त्वचेवरचे जिवाणू असतातच. नरसाळ्यात लघवीचा पातळ थर राहिला की हे जिवाणू युरिया फोडतात आणि त्यातून अमोनिया तयार होतो, तोच तुम्हाला येणारा उग्र वास. अमोनियामुळे तो ओलावा आम्लधर्मी न राहता अल्कधर्मी होतो, आणि मग लघवीत विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे फॉस्फेट क्षार खाली बसतात. गीझरच्या रॉडवर धरतो तसला हा थर असतो. तो खरखरीत असल्यामुळे त्याच्या बारीक खाचांत जिवाणू घट्ट धरून राहतात, आणि नुसत्या साबणाला दाद देत नाहीत. साबण तेलकटपणा काढतो, क्षार काढत नाही. म्हणून तुम्ही "कितीही धुतलं तरी" असं लिहिलंत ते खरंच आहे.

उकळा, पण सगळ्यात शेवटी. थर असताना उकळलं तर वरवरचे जंतू मरतात, थर तसाच राहतो आणि पुन्हा ओलावा लागला की वास परत येतो.

आधी गार किंवा कोमट पाण्याची धार दोन्ही टोकांनी जाऊ द्या. मग बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा. त्यासाठी लहान मुलांच्या बाटलीचा मऊ ब्रश घ्या, नळीसाठी त्यातलाच बारीक. तारेची घासणी किंवा हिरवा स्क्रबर नको. त्याने सिलिकॉनवर चरे पडतात आणि पुढचा थर त्या चऱ्यांतच धरतो. साबण पूर्ण निघाला की पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवून ठेवा. आपल्या घरात माडाचं व्हिनेगर असतं, तोच हात पुढे जाईल, पण ते स्वयंपाकासाठीच राहू दे. त्यात रंग आणि गाळ असतो, तो सिलिकॉनमध्ये बसतो. वाण्याकडे मिळणारं पारदर्शक व्हिनेगर घ्या, नाहीतर अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा. कोकमाचं आगळ आंबट आहे म्हणून ते वापरायची कल्पनाही मला एकीने सुचवली होती. आगळात मीठ असतं आणि त्याचा लाल डाग जात नाही. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा भिजवा. घाईने खरवडू नका.

व्हिनेगरात खाण्याचा सोडा घालून फेस काढायचा सल्ला व्हॉट्सअॅपवर फिरतो. फेस दिसायला जोरदार असतो, पण आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात आणि हातात जवळजवळ खारं पाणी उरतं. व्हिनेगर एकटंच वापरा.

थर निघाला, भरपूर पाण्याने धुऊन झालं, की मग उकळा. सिलिकॉन २०० अंशांपर्यंतची उष्णता सहज सोसतं. एक वेगळा टोप ठेवा, स्वयंपाकाचा नको. तळाला जुन्या सुती कापडाची घडी टाका, म्हणजे नरसाळं तापलेल्या धातूला चिकटणार नाही. पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या आणि उकळी फुटल्यावर ५ मिनिटं ठेवा. ही गोष्ट फक्त सिलिकॉनची. कडक प्लास्टिकची नरसाळी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असतात. ती उकळल्यावर वितळणार नाहीत, पण पातळ कड वाकडी होऊ शकते, आणि वाकड्या कडेने गळतं. त्यांना साबण आणि हाताला सोसेल इतकं गरम पाणी पुरे. खोक्यावर काही वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे करा.

डेटॉल नको. सिलिकॉन वास शोषून घेतं, आणि जंतुनाशकाचा अंश तिथल्या नाजूक त्वचेला लागला की स्वतंत्र जळजळ सुरू होते. मग संसर्गाची जळजळ कुठली आणि औषधाची कुठली हे कळत नाही. सुगंधी साबण, निलगिरीचं तेल, खोबरेल हेही नको. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड तर या वस्तूपासून लांबच ठेवा, आणि हे मी फार गंभीरपणे सांगते आहे. ब्लीच लघवीतल्या अमोनियाला मिळालं की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन. बंद न्हाणीत हे घडलं तर श्वास कोंडतो. हात धुण्याचं सॅनिटायझर अडचणीच्या वेळी नरसाळ्यावरून पुसायला चालेल, पण ते पूर्ण उडून गेल्याशिवाय अंगाला लावू नका. त्याने जंतू कमी होतात, घाण निघत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. उन्हाळ्यात तुम्हाला त्रास नव्हता आणि पावसाळ्यात सुरू झाला, यातच उत्तर आहे. तुमची धुण्याची पद्धत बदललेली नाही, हवा बदलली आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. एप्रिलमध्ये खिडकीत ठेवलेलं नरसाळं तासाभरात खडखडीत होतं. जुलैमध्ये तेच सकाळपर्यंत आतून ओलं राहतं आणि तुम्ही ते तसंच पिशवीत घालून निघता. काळे ठिपके ही बुरशी आहे. चामड्याच्या चपलांवर, कपाटातल्या साड्यांवर येते तसलीच. जंतूंना जगायला ओलावा लागतो. नीट धुऊन ओलं ठेवलेलं नरसाळं पुन्हा घाण होतं. साध्या पाण्याने विसळून पूर्ण कोरडं केलेलं त्याहून जास्त वेळ स्वच्छ राहतं.

म्हणून धुऊन झाल्यावर आधी जोरात झटका. बाहेरून सुती कापडाने टिपा. मग जुन्या धोतराची किंवा मऊ सुती साडीची चिंधी घेऊन तिची लांब वात वळा आणि नळीतून एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढून काढा. ही वात ओढणं बायका टाळतात, आणि नेमकं नळीतच पाणी राहतं. तुमचे ठिपकेही नळीच्या तोंडाशीच आले आहेत. नंतर नरसाळं दोरीला चिमट्याने रुंद तोंड खाली करून लटकवा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. न्हाणीत लटकवू नका, घरातली सगळ्यात ओली हवा तिथेच. चुलीवरच्या किंवा गॅसवरच्या फळीवरही नको, तिथे तेलकट वाफ बसते. पाऊस उघडून ऊन पडलं तर थोडा वेळ उन्हात ठेवा. सिलिकॉनला उन्हाचं भय नाही. कडक प्लास्टिक मात्र रोज उन्हात राहिलं तर ठिसूळ होतं.

कोरडं झाल्यावर हवा खेळेल अशा सुती पिशवीत ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्यातली एक पिशवीत टाकली तर पावसाळाभर उपयोगी पडते. घरात लहान मूल असेल तर ती त्याच्या हाताला लागणार नाही एवढं बघा. शक्य असेल तर पावसाळ्यात दोन नरसाळी ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. खर्च दुप्पट दिसतो, पण तुमच्यासारखं रोज वापरणाऱ्या बाईसाठी मी याच उपायावर सगळ्यात जास्त भर देते.

फिरतीवर असताना सगळं जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त दाबून धार निघेल अशी एक छोटी बाटली ठेवा. लघवी झाल्याझाल्या त्याच जागी अर्धा पेला पाण्याने नरसाळं आतून विसळा. थर बसायच्या आधी क्षार वाहून जातात, म्हणून लगेच विसळलेल्या या थोड्या पाण्याचं काम संध्याकाळच्या बादलीभर पाण्याला येत नाही. मग झटका, त्यासाठीच ठेवलेल्या कापडाने पुसा, आणि जलरोधक पिशवीत घाला. ते कापड रोज साबणाने धुवायचं आणि अंग टिपायला वेगळं घ्यायचं. सुगंधी ओले वाइप्स रोज वापरू नका, त्यांतल्या रसायनांनी पुष्कळ जणींना खाज सुटते.

जलरोधक पिशवी फक्त घरी पोचेपर्यंतची. आणि ती स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. सीटखालची ती जागा इंजिनाच्या आणि उन्हाच्या उष्णतेने तापते, वर रेनकोटचा ओलावा. अंगाइतक्या उबेत आणि ओलाव्यात ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. पाठीवरच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. घरी गेल्यावर चहाच्या आधी ती पिशवी उघडा. रात्रभर बंद राहिली की सकाळी पुन्हा तोच वास.

रानात काम करता म्हणून आणखी एक सांगते. मी पावसाळ्यात बायकांचे गट सत्तरी आणि सांग्याच्या बाजूला धबधब्यांवर घेऊन जाते, तिथे वाहतं पाणी दिसलं की नरसाळं त्यात बुडवायचा मोह प्रत्येकीला होतो. ते करू नका. पावसाळ्यात ओढ्यांत आणि शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरा-गुरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू येतात, आणि ते नाजूक त्वचेतून शरीरात शिरू शकतात. दुसरी बाजूही आहे. दूधसागरचं पाणी खांडेपार नदीतून खाली येतं आणि ओपाच्या पाणीपुरवठा प्रकल्पातून ते फोंड्याच्या आणि पणजीच्या नळांना जातं. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर लघवी करायची आणि विसळलेलं पाणीही तिथेच जमिनीत जिरू द्यायचं. समुद्राचं पाणीही धुण्याला नको. मीठ वाळून कडेवर बसतं, वाळूचे कण चरे पाडतात. किनाऱ्यावर वापरलंत तर घरी गोड्या पाण्याने धुवा. जांभ्यातल्या काही विहिरींच्या पाण्यात लोह असतं, त्याने सिलिकॉनवर तांबूस डाग पडतो. तो दिसायला वाईट, पण अपायकारक नाही, लिंबूसत्त्वाने फिका होतो.

पाळीच्या दिवसांत आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त गोठून चिकटतं. पाळी संपली की एकदा उकळा. पाळीचा कप वापरत असाल तर त्याचा टोप वेगळा ठेवा. एरवी रोजच्या वापरात रोज साबण आणि आठवड्यातून एकदा व्हिनेगर आणि उकळणं पुरतं. खाज, दह्यासारखं पांढरं जाणं किंवा संसर्गावर औषध चालू असेल तेवढे दिवस मात्र रोज उकळा, नाहीतर बऱ्या झाल्यावर तेच जंतू परत अंगाला लागतील.

सासूबाईंना तुमचं देऊ नका. उकळून सुद्धा नको, आणि तुम्हाला जळजळ असताना तर नकोच. त्यांना वेगळं घ्या, शक्यतो वेगळ्या रंगाचं, म्हणजे घाईत अदलाबदल होणार नाही. त्यांना मधुमेह असेल तर विशेष सांभाळा. साखर वाढलेली असताना लघवीतून साखर जाते आणि तिच्यावर बुरशीचा संसर्ग फार लवकर होतो, तेव्हा प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवायला हवं. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर उभं राहून तोल सांभाळणंही धोक्याचं आहे. भिंतीला धरायचा दांडा हवा आणि जवळ कुणीतरी हवं. माझं मत विचाराल तर त्यांच्यासाठी कमोडची उंच खुर्चीच जास्त बरी. नरसाळं प्रवासापुरतं ठेवा, रात्रीच्या बसला किंवा जत्रेला जाताना.

तुमच्या सध्याच्या नरसाळ्याचं आता. थर आणि वास वर सांगितलेल्या पद्धतीने जातील. काळे ठिपके व्हिनेगर आणि उकळणं दोन्ही करूनही राहिले, तर बुरशी सिलिकॉनच्या आत उतरली आहे असं समजा आणि ते टाकून द्या. हाताला चिकट लागणं, कडेला चीर, धुऊन वाळल्यावरही वास, यांपैकी काही दिसलं तरी तेच करा. नवं येईपर्यंत एकदाच वापरायची कागदी नरसाळी चालतील, औषधांच्या दुकानात विचारून बघा. ती धुऊन पुन्हा वापरू नका, कागद आतून भिजतो. रानातही टाकू नका, त्यांच्यावर जलरोधक थर असतो. वापरलेलं कागदात गुंडाळून घरी आणा आणि सॅनिटरी पॅडच्या कचऱ्यात, वेगळं बांधून द्या.